खंडेनवमीला मी बंद होतो

मित्रांनो, देवासच्या एका कारखान्यातल्या कार्यालयात, खिडकीखालच्या कोपऱ्यात, ज्याच्यावर आता लोक चहाचे रिकामे कप ठेवतात, तो जुना संगणक म्हणजे मी. मूळचा मी पांढरा. आता जुन्या पोथीच्या पानासारखा पिवळा पडलो आहे, आणि विद्येशी माझे साम्य तेवढ्यावरच संपते. माझ्या पडद्यावर एक बारीक उभी रेघ सारखी लुकलुकत असे. कोणी तिच्याकडे पाहत नसे. ती माझी अस्वस्थता होती. कोणीतरी काही विचारेल म्हणून मी वर्षानुवर्षे असा लुकलुकत बसलो. आणि जे विचारायला हवे होते, ते कित्येक महिने कोणाच्या ओठांवर आले नाही.

१९९८ साली इंदूरच्या एका दुकानात चार ठिकाणचे भाग जुळवून मला उभे केले. टेम्पोत गोणपाटात गुंडाळून, देवीच्या टेकडीखालच्या रस्त्याने मला इथे आणले. कारखान्यात ट्रॅक्टरच्या ब्रेकच्या पट्ट्या तयार होत. दुसरा कारखाना धार जिल्ह्यात होता, आणि टेलिफोनच्या तारेतून दोन्हीकडचे संगणक एकाच मुख्य संगणकाला जोडलेले होते. पट्टी धारला होवो की देवासला, ती बाहेर जाऊ द्यायची की नाही, हे ठरवण्याचा अधिकार देवासच्या तपासणी विभागाचा. त्या विभागाच्या टेबलावर मला बसवले, आणि माझ्यासमोर बसल्या जयवंतीताई.

ताईंचे घराणे मराठा दरबाराबरोबर माळव्यात आलेले. देवासच्या राज्याच्या दोन पात्या, म्हणजे दोन वाटण्या, आणि दोन राजे. थोरल्या पातीचा शिक्का ताईंच्या आजेसासऱ्यांच्या ताब्यात असे, आणि ते जेवायला बसतानाही तो कमरेचा सोडत नसत. ताईंनी हे मला कधी सांगितले नाही. यंत्राशी कोण बोलते? शेजारच्या टेबलाशी बोलताना मी ऐकले. पण पहिल्याच दिवशी पासवर्ड टाकताना त्यांनी डाव्या हाताने पदर ओढून माझ्या कळफलकावर धरला, तेव्हाच मला कळले की ही बाई कोणाची नातसून आहे.

पहिली काही वर्षे माझे कौतुक झाले. पाहुणे आले की मला दाखवत. मग एकेक काम माझ्यात येऊ लागले. हजेरीचे एक खाते, भांडाराचे दुसरे, तपासणीचे तिसरे, माल रवाना करण्याचे चौथे, टपालाचे पाचवे. प्रत्येक दाराला निराळा पासवर्ड. माणसे विसरत, चिडत, चिठ्ठ्या लिहून कळफलकाखाली सरकवत. तेव्हा कार्यालयाचे व्यवस्थापक सुभाषराव यांना एक उपाय सुचला. त्यांनी सगळ्यांचे पासवर्ड गोळा करून एक यादी केली.

"ताई, तुमचाही द्या."

"माझा कशाला? मी असते की रोज."

"अहो, उद्या रजेवर गेलात तर गाडी अडायची. पासवर्ड ऑफिसचा असतो, घरचा नव्हे. तुम्ही तर असं करताय जसं काही मी तुमच्या तिजोरीची चावी मागतोय!"

सगळे हसले. ताईंनी दोन दिवस टाळले. तिसऱ्या दिवशी दिला. माणसाला एकटे पाडायला मोठा जुलूम लागत नाही. एक हशा पुरतो.

आणि आता ती गोष्ट, जी अशाच कार्यालयात घडू शकते. २००४ सालची खंडेनवमी. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. पट्टीची जाडी मोजायची साधने, हातोडे, रबरी शिक्के, मी, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडू. एकदा पूजा झाली की त्या हत्याराला दसरा होईपर्यंत हात लावायचा नाही. जुनी घराणी हे कसोशीने पाळतात. त्या वर्षी सुभाषरावांच्या मनात आले, की आजच्या काळात पासवर्ड हेही हत्यारच. त्यांनी माझ्याकडून यादी छापून घेतली. दोन प्रती. एक ताम्हनात ठेवली, तिच्यावर हळदकुंकू वाहिले. दुसऱ्या प्रतीचे काय झाले, ते मला ठाऊक नव्हते. दहा वाजता ताईंनी मला नमस्कार करून बंद केले, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी चालू केले. मी कधी जागा झालो आणि कधी झोपलो, याची नोंद माझ्या पोटात आपोआप राहते. ती वाचायला विद्वान असावे लागत नाही. नुसती इच्छा असावी लागते.

जानेवारीत धार जिल्ह्यातल्या गंधवानीकडच्या एका उतारावर एक ट्रॅक्टर थांबला नाही. चालकाने उडी टाकली म्हणून वाचला. ट्रॉली नाल्यात गेली. पट्ट्या आमच्या निघाल्या. मालाचा गठ्ठा शोधला, तर तो खंडेनवमीच्या दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी 'योग्य' म्हणून मंजूर झालेला. मंजुरी जयवंतीताईंच्या नावाने.

"मी त्या दिवशी मशीनला हात लावला नाही," ताई म्हणाल्या. "खंडेनवमी होती. तुम्ही स्वतः प्रसाद वाटलात."

"ताई, मशीन खोटं बोलत नाही," सुभाषराव म्हणाले.

माझ्या आयुष्यात माझ्या सत्यवचनाचा गौरव एकदाच झाला, आणि तो एका निरपराध बाईविरुद्ध. माझ्या पडद्यावर तरी काय दिसले होते? मुख्य संगणकाला एक नाव आणि त्या नावाचा योग्य शब्द मिळाला, एवढेच. कळा दाबणारा हात मी कधी पाहिलेला नाही. तरी माझ्या नावावर एक सबंध निवाडा खपवला गेला, आणि निवाडा देणाऱ्यांपैकी एकालाही माझे पोट उघडून पाहण्याची उत्सुकता वाटली नाही. ताईंना तपासणीवरून काढून आवक टपालावर बसवले. एकतीस मेपर्यंत 'माझ्या निष्काळजीपणामुळे हे घडले' असे लिहून द्यावे, नाहीतर नोकरी जाईल, असे पत्र त्यांच्या हाती दिले. बावीस वर्षांची नोकरी. ताईंनी पत्र घडी करून पर्समध्ये ठेवले आणि टपाल लावायला घेतले.

तिकडे ट्रॅक्टरवाल्या गिऱ्हाईकाने बजावले, की तुमच्याकडे कोण काय करतो हे नीट कळेल अशी व्यवस्था बसवा, मगच पुढची मागणी. म्हणून एप्रिलमध्ये कारखान्याने तीन प्रणाली तुलनेसाठी बोलावल्या. एकदाच ओळख पटवायची आणि सगळी दारे उघडायची, कोणाला कोणता अधिकार ते एकाच ठिकाणी ठरवायचे, असे त्यांचे काम. सुभाषरावांनी नऊ रकान्यांचा तक्ता केला: वेग, सोय, शिकवायला लागणारे दिवस, वगैरे. चाचणीला जुने यंत्र हवे म्हणून मला निवडले. आणि पाचही खाती वापरता येणारे माणूस हवे म्हणून, मित्रांनो, जयवंतीताईंना निवडले.

ताई बसल्या, तक्ता पाहिला, आणि पेन्सिलीने दहावा रकाना आखला.

"हे काय?" सुभाषरावांनी विचारले.

"एक प्रश्न आहे. तिघांनाही विचारणार. मी नसताना माझ्या नावानं कोणी काही केलं, तर तुमचं यंत्र काय सांगेल?"

पहिल्या प्रणालीचा माणूस टाय लावून आला होता. "मॅडम, आमचं सोपं आहे. एक पासवर्ड, सगळी दारं!"

"आणि तो एक दुसऱ्याला कळला तर?"

"तर मग..." तो हसला, "सगळी दारं." मग आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आले, आणि तो माझ्या पाठीमागच्या तारा तपासू लागला.

दुसऱ्या प्रणालीत कार्ड होते. कार्ड आणि चार आकडे, दोन्ही जुळले तरच दार उघडे. कल्पना चांगली होती. सकाळी सात जणांना सात कार्डे दिली. जेवणाच्या सुटीपर्यंत ती सातही सुभाषरावांच्या खणात होती, रबर बँड लावलेली, प्रत्येकावर चार आकडे लिहिलेली.

"हरवायला नकोत म्हणून," ते म्हणाले. दहाव्या रकान्यात ताईंनी काही लिहिले नाही. त्या नुसत्या खणाकडे पाहत राहिल्या.

तिसरी प्रणाली घेऊन इंदूरहून नीतू नावाची मुलगी आली. तिने गोड बोलण्यात वेळ घालवला नाही. तिची प्रणाली संथ होती. माझ्यासारख्या म्हाताऱ्याची तर दमछाक झाली, पंखा दिवसभर कण्हत होता. पण तिने आधी विचारले, "इथे कोणकोण काम करतं त्याची यादी द्या, आणि कोणकोणाची खाती चालू आहेत त्याची मी काढते." दोन्ही याद्या शेजारी ठेवल्यावर ती थबकली.

"हे बळवंतराव कोण? भांडारात?"

ताई म्हणाल्या, "ते वारले. दोन वर्षं झाली."

"पण गेल्या मंगळवारी त्यांनी अकरा वेळा माल दिला आहे."

"ते काय आहे मॅडम," सुभाषराव खाकरले, "त्यांचा पासवर्ड सोपा आहे. सगळ्यांच्या लक्षात राहतो."

परलोकी गेलेला माणूस आमच्या भांडारात रोज हजर होता आणि कोणालाही त्याचे भय वाटले नव्हते. जिवंत बाई मात्र हजर नसताना दोषी ठरली होती. तर्कशास्त्राच्या कोणत्या ग्रंथात हे प्रमाण बसते, ते मला सापडलेले नाही.

मग ताईंनी आपला प्रश्न विचारला. नीतूने खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

"काकू, हात कोणाचा होता ते माझं यंत्रही सांगणार नाही. पण कोणत्या संगणकावरून झालं ते सांगेल. आणि खरं म्हणजे त्यासाठी माझं यंत्र लागतच नाही. तुमच्या मुख्य संगणकात ही नोंद आधीपासून होत असणार. माझं फक्त ती गोळा करून वाचतं."

"गेल्या ऑक्टोबरचं वाचशील? खंडेनवमी, दुपारी तीन चाळीस."

"ते चाचणीत नाही," सुभाषराव म्हणाले.

"तक्त्यात आहे," ताई म्हणाल्या. "दहावा रकाना."

एकोणतीस मे होता. वीज दोनदा गेली. दोनदा नीतूने पहिल्यापासून सुरुवात केली. ताई उभ्याच होत्या, पर्स छातीशी धरून. पर्समध्ये ते पत्र होते. माझी रेघ लुकलुकत होती, आणि मला पहिल्यांदाच वाटले, की कोणीतरी माझ्याशी बोलते आहे. शेवटी दोन ओळी पडद्यावर आल्या. पहिली माझ्या पोटातली: त्या दिवशी सकाळी दहा वाजता बंद, तिसऱ्या दिवशी सकाळी चालू. दुसरी मुख्य संगणकातली: तपासणीची मंजुरी, तीन चाळीस, धारच्या रवानगी कार्यालयातला संगणक.

ताईंनी स्वतःच धारला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी कळ दाबली. तिकडे रवानगीचा अधिकारी अंशुल होता, सुभाषरावांना इंदुरी थाटात 'भिया', म्हणजे भैया, म्हणणारा.

"अंशुल, खंडेनवमीला माझ्या नावानं माल पास केलास?"

"हो ना ताई," तो मोकळेपणाने म्हणाला. "ट्रक उभा होता, ड्रायव्हर चिल्लावत होता, आणि तुम्ही सगळे पूजेत. कोणी फोनच उचलेना. मी म्हटलं, चलो, करून टाकू."

"माल तपासलास?"

"वेळ कुठे होता, ताई?"

"आणि पासवर्ड?"

"लिस्ट होती ना! सुभाष भियांनीच फॅक्स केली होती सकाळी, की तिकडे पण पूजेत ठेवा म्हणून. अजून आहे इथे, अलमारीवर चिपकवलेली. हळद पण लागली आहे." मग आवाज जरा उतरला. "का? काही झालं का?"

दुसरी प्रत कोठे गेली, ते मला तेव्हा कळले. सुभाषरावांना ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. ते खिडकीबाहेर पाहत होते; बाहेर पाहण्यासारखे काही नव्हते.

"जाऊ द्या ताई," ते म्हणाले. "ते पत्र फाडून टाका. आपसातलं आहे, मिटलं."

"आपसात ठेवलं म्हणूनच हे झालं," ताई म्हणाल्या. "लिहून द्या, की ती नोंद माझी नव्हती आणि यादी कोणी पाठवली."

"बरं, तुम्ही टाइप करा, मी सांगतो."

"नाही. तुम्ही बसा. तुमच्या नावानं."

आणि सुभाषराव माझ्यासमोर बसले. स्वतःचा पासवर्ड त्यांना आठवेना. यादी काढून पाहावा लागला. एका बोटाने त्यांनी अकरा ओळी लिहिल्या, पंचवीस मिनिटे लागली. माझ्या आयुष्यातला सर्वात संथ आणि सर्वात खरा मजकूर तो.

पुढे कारखान्याने तिसरी प्रणाली घेतली. अंशुलला ताकीद मिळाली. बळवंतरावांना अखेर सेवानिवृत्त करण्यात आले. ताई तपासणीच्या टेबलावर परतल्या. सुभाषरावांना काहीही झाले नाही. ते आजही व्यवस्थापक आहेत, आणि नव्या प्रणालीचे महत्त्व पाहुण्यांना तेच समजावून सांगतात. माझ्या जागी नवा संगणक आला आणि मी कोपऱ्यात सरकलो.

ऑक्टोबरात पुन्हा खंडेनवमी आली. ताईंनी आपल्या हाताने माझी धूळ पुसली, मला चालू केले, माझ्यावरही झेंडू वाहिला. तेवढ्यात सुभाषराव ताम्हन घेऊन आले.

"ताई, आता तर एकच पासवर्ड आहे. एका ओळीत काम होईल. पूजेला ठेवायचा ना?"

मित्रांनो, मी पाहत राहिलो. ताईंनी कागदाची एक कोरी चिठ्ठी घेतली, ताम्हनात ठेवली, तिच्यावर हळदकुंकू वाहिले आणि हात जोडले.

"ह्यावर काहीच नाही," सुभाषराव म्हणाले.

"आहे," ताई म्हणाल्या. "वाचणाऱ्याला दिसत नाही, एवढंच."

मग त्यांनी मला बंद केले. ती वेळही माझ्या पोटात लिहिलेली आहे.

मित्रांनो, माझ्यावर कप ठेवता, ठेवा. डाग पडून पडून आता पडायचे उरलेले नाहीत. पण तुमचे नाव कोणी सोयीसाठी मागितले, सगळे हसले, तरी ते देऊ नका. आणि उद्या माझ्यासारख्या एखाद्या यंत्राकडे बोट दाखवून कोणी कोणाला दोषी ठरवू लागला, तर तिथेच थांबा, आणि आधी त्या यंत्राला विचारा, की त्या दुपारी तू जागा होतास का.