बफरची उंची

त्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं म्हणणं सोपं होतं. पण राहून जायला ते काही दाराच्या कडीला तेल घालण्याचं काम नव्हतं. पत्र आलं तेव्हा मिलीमीटरने ते आधी खिडकीशी उभं राहून वाचलं, मग बसून वाचलं, आणि मग ते शर्टाच्या खिशात घालून तो दिवसभर घरात उगाचच वावरला. मजकूर चार ओळींचा होता. "माझ्या वाटणीचे डबे झाले. त्यातला एक सोबत पाठवते आहे, तुमच्या डब्याला जोडून बघा. गार्डचा डबा दोघांनी मिळून करायचा ठरलं होतं, म्हणून तो सुरू केलेला नाही. तुम्ही या, किंवा मी येते. कळवा."

'कळवा' या शब्दापाशी तो अडकला तो अडकलाच. तेव्हा त्याचे केस काळे होते. आता केसही नव्हते आणि उत्तरही गेलेलं नव्हतं.

मिलीमीटर हे अर्थातच त्याचं नाव नव्हे. रेल्वेच्या डबे दुरुस्तीच्या कारखान्यात तो ड्रॉइंग ऑफिसात होता. कुणी 'दोन इंच' म्हटलं की हा मान खाली घालून हळूच 'पन्नास पॉइंट आठ' म्हणायचा, आणि असं बोलून गेल्याबद्दल संध्याकाळपर्यंत मनातल्या मनात माफी मागत बसायचा. लोहारशाळेच्या फोरमनने त्याला हे नाव ठेवलं. त्या फोरमनला स्वतःला सगळे हातोडा म्हणत, आणि त्याचं बोलणं एकदा ऐकलं की का म्हणत ते विचारावं लागत नसे.

पत्र लिहिणारी ती तिथेच त्याच्या शेजारच्या टेबलावर बसायची. जुने, कडा फाटलेले नकाशे पारदर्शक कापडावर शाईने उतरवून घ्यायचं ट्रेसरचं काम तिचं. तिची रेघ कधी फुटली नाही की सांडली नाही. त्या सुमाराला लाकडी फळ्यांच्या, रिव्हेट मारलेल्या जुन्या वाघिणी भंगारात निघू लागल्या होत्या. मालगाडीच्या डब्याला कारखान्यात सगळे वाघीणच म्हणत. एक दिवस खिडकीतून तसल्याच एका वाघिणीवर गॅसची ज्योत चालताना बघून ती म्हणाली, "कापून संपायच्या आत मापं घेऊन ठेवू या. एक अख्खी गाडी करू, चाळीस पटींनी लहान. अर्धे डबे तुमचे, अर्धे माझे."

"आणि गार्डचा?" त्याने विचारलं. गाडीला गार्डचा डबा एकच असतो.

"तो मिळून."

'मिळून' म्हणताना तिने नकाशावरून मान वर केली होती. पुढे कितीतरी वर्षं, पत्र्याला कानस मारता मारता, त्याला ती वर झालेली मान दिसायची आणि कानस थांबायची.

मापं घ्यायला ते जेवणाच्या सुट्टीत यार्डात गेले. एका रुळावर रिकाम्या वाघिणी होत्या. टेपचं एक टोक तिने धरलं, एक त्याने. तेवढ्यात पलीकडून यार्डात मजुरी करणाऱ्या खलाशांच्या टोळक्यातला एक जण ओरडला, "काय साहेब, टेप धरायला जोडी लागते होय?" सगळे खो खो हसले. तीही हसली. मिलीमीटर मात्र कानापर्यंत लाल झाला. "मी त्या बाजूची घेतो," असं काहीतरी पुटपुटत तो रूळ ओलांडून दुसऱ्या रांगेकडे गेला, टेपच्या टोकावर दगड ठेवून एकट्यानेच मापं घेत बसला. त्या रांगेतल्या वाघिणी खडीने भरलेल्या होत्या.

नंतर तिचा अख्खा विभाग दूरच्या एका कारखान्यात हलवला गेला. निरोपाच्या दिवशी त्याने तीन वाक्यं पाठ करून आणली होती. फाटकाशी पोचेपर्यंत ती तिन्ही पसार झाली आणि त्याच्या तोंडून निघालं, "स्केल चाळीसच ठेवायचं ना?"

तिने हातातली पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाली, "हो. चाळीसच."

मग घरातल्या मागच्या खोलीत, खिडकीखालच्या टेबलावर, एकेक करून वाघिणी तयार होऊ लागल्या. पातळ पितळी पत्रा शिशाच्या ठोकळ्यावर पालथा ठेवायचा आणि मागून टोच्याने हलकेच दाबायचं, म्हणजे पुढून रिव्हेटचं डोकं उठतं. जोर जास्त झाला की पत्रा फाटतो आणि पहिल्यापासून सुरुवात. फळ्या प्रत्येक वेगळी कापायची, रंग दिल्यावर पेन्सिलीच्या शिसाची भुकटी बोटाने चोळायची, म्हणजे डबा उन्हापावसातून आल्यासारखा दिसतो. त्याची थोरली बहीण नवरा गेल्यापासून त्याच्याकडेच राहायला आलेली. ती दारातून डोकावून म्हणायची, "घरात वाघिणी पाळल्यात, आणि स्वतः झुरळ दिसलं की खुर्चीवर चढतो."

तर पत्राबरोबर तिचा तो डबा आला. कापसात गुंडाळलेला, उघडा, चार चाकांचा. इतका देखणा की त्याने आधी हात धुतले. मग तो रुळाच्या तुकड्यावर ठेवला, शेजारी आपला ठेवला, आणि हळूहळू जवळ सरकवला. डबे एकमेकांवर आपटू नयेत म्हणून टोकांना बफर असतात, दोन्हीकडचे बरोबर समोरासमोर यावे लागतात. ते आले नाहीत. तिचे बफर किंचित वर होते.

आधी त्याला वाटलं, तिचं चुकलं. अर्धा दिवस तो खुशीत होता. नंतर त्या खुशीची लाज वाटली, आणि मग एकदम तो यार्डातला रूळ आठवला. भरलेल्या वाघिणीच्या कमानी, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगा, दबलेल्या असतात, डबा खाली बसतो. मॉडेल करायचं ते रिकाम्या डब्याच्या उंचीचं, हा या छंदातला शिरस्ता. तिने रिकाम्या वाघिणी मोजल्या होत्या. याने चार खलाशी हसले म्हणून पळून जाऊन भरलेल्या मोजल्या. त्याच्या मांडणीवरचा एकूण एक डबा केसभर खाली बसला होता.

दुरुस्त करू आणि मग कळवू, असं त्याने ठरवलं. चाकांवर चकती सरकवून भागलं असतं, पण कमानी दबलेल्या आणि डबा वर, हे त्याला बघवेना. त्याने एक नवा केला. तो जुन्याहून वाईट झाला. दुसरा करायला घेतला. मग नोकरी संपली, मग हात थरथरू लागला, आणि मग डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. दाबलेला टोच्या कुठे उमटला हे आता बोटाने चाचपून बघावं लागे. तिचा डबा मांडणीच्या वरच्या फळीवर एकटाच होता. पाहुण्याला बाहेरच्या खोलीत बसवून घरातली माणसं आत कपडे बदलत राहावीत आणि पाहुण्याचा जन्म तिथेच सरावा, तसं काहीसं झालं होतं.

अशात एके दिवशी सकाळी हातोडा आला. जिना चढताना दम लागला होता, तरी आवाज तोच.

"काय मिलीमीटर! जिवंत आहेस का? ताई, चहा टाका हो, साखर घाला, माझ्या मुलीला सांगू नका."

"सांगणार," बहीण आतून म्हणाली.

चहा येईपर्यंत त्याने गुडघे, सून आणि पेन्शनीत गेलेल्या सगळ्यांचा समाचार घेतला. मग कपात बिस्किट बुडवताना म्हणाला, "हो, आणि ती तुझी ट्रेसरबाई भेटली होती. पुतण्याच्या लग्नाला गेलो होतो तिकडे. एकटीच राहते. काठी घेऊन चालते, पण जीभ शाबूत आहे."

मिलीमीटरने कप खाली ठेवला.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, मिलीमीटरची मापं घेऊन झाली का? मी म्हटलं, त्याला विचारतो. आता भाचा तिला आपल्याकडे घेऊन जाणार आहे म्हणे, परदेशात. महिनाअखेरीला घर रिकामं करणार. सगळं सामान वाटून टाकतेय. तिच्या घरी गेलो, तर टेबलावर एक मालगाडी मांडलेली होती बघ, काय सुरेख! मी म्हटलं, ही मला द्या, नातू खेळेल. तर माझ्या अंगावर आली. म्हणे, ही अर्धीच आहे, अर्धी गाडी कुणाला देत नसतात."

हातोडा बिस्किटाचा चुरा झटकून गेला. बहीण कप उचलत म्हणाली, "मग?"

"मग काय. माझे डबे अजून नीट नाहीत."

"कधी होणार?"

"डोळ्याचं ऑपरेशन झालं की बघू."

"तोवर ती गेलेली असेल."

"ताई, बफर जुळत नाहीत गं."

"बफर!" ती म्हणाली. "बाबा रे, त्या एवढ्याशा बफरच्या आड तू अख्खा कसा मावलास इतकी वर्षं?" आणि कप विसळायला निघून गेली. तिला वाईट वाटलं की ती भांडी जोरात विसळते, हे त्याला माहीत होतं. भांडी फार वाजली.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाताना रेल्वेचं फाटक बंद मिळालं. एक लांबलचक मालगाडी आली आणि सिग्नल नव्हता म्हणून तिथेच थांबली. सायकलवाले वैतागून घंट्या वाजवू लागले. मिलीमीटर दांड्याला टेकून उभा राहिला. बरोबर त्याच्या समोर दोन डबे आले होते, एक खडीने शिगोशीग भरलेला, एक रिकामा. जवळचं त्याला अजून बरं दिसे. रिकाम्याचे बफर वर होते, भरलेल्याचे खाली. मधली कडी ताणलेली, ग्रीसने काळी, आणि जोडलेली.

हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. नकाशावर दोन उंच्या लिहिलेल्या असतात, एक रिकाम्याची, एक भरलेल्याची, आणि त्या त्याने स्वतःच्या हाताने शेकड्यांनी लिहिल्या होत्या. पण तिच्या डब्याशेजारी आपला डबा ठेवला त्या दिवशी त्याला डबे दिसलेच नव्हते, फक्त आपली चूक दिसली होती. गाडी हलली. पुढून एक झटका आला आणि डब्याडब्यातून खडखडत मागे गेला, भरलेल्यातून रिकाम्यात, रिकाम्यातून भरलेल्यात. सगळे निघाले. फाटक उघडलं तरी तो दांडा धरून उभाच होता.

"आजोबा, जायचंय का तुम्हाला?" फाटकवाल्याने विचारलं.

"जायचं होतं," मिलीमीटर म्हणाला, "आता दुसरीकडे जायचंय," आणि डॉक्टरकडे न जाता घरी परत फिरला.

घराबाहेर बांधकामाची बारीक खडी पडली होती. त्याने मूठभर उचलली, बहिणीच्या चहाच्या गाळणीने चाळली, आणि आपल्या उघड्या डब्यांत एकेक चिमूट भरत गेला. बंद डब्यांना काहीच करावं लागलं नाही. त्यांची दारं लावलेली होती, आत काय आहे ते कुणाला दिसणार? मग त्याने तिचा डबा वरच्या फळीवरून काढला, फुंकर मारून धूळ उडवली आणि आपल्या डब्याजवळ आणला. कडी आकड्यात अडकवताना चार खेपा फुकट गेल्या. पाचव्या खेपेला बहिणीने केसातली पिन काढून दिली, त्या पिनेने कडी ढकलली आणि ती बसली.

"माझी गाळणी!" ती मग म्हणाली.

"धुऊन देतो."

"नको. नवी आण. आधी पत्र लिही."

पत्र लिहायला दुपार गेली. पहिला कागद पाठपोट भरला. त्यात कमानींची दाब सोसण्याची क्षमता होती, यार्डातल्या रुळांची आकृती होती, उशिराबद्दल दिलगिरी होती, आणि त्या दिलगिरीबद्दलही दिलगिरी होती. बहिणीने चष्मा लावून वाचलं.

"हे पत्र आहे की अपघाताचा चौकशी अहवाल?"

"सगळं सांगायला नको?"

"तिने सगळं विचारलंय का?"

त्याने तिचं पत्र पुन्हा काढलं. घड्यांवर कागद विरला होता. तिने विचारलं होतं ते एवढंच, की तुम्ही येता की मी येऊ. इतक्या वर्षांत त्याने त्या प्रश्नाचं उत्तर सोडून बाकी सगळ्याची तयारी केली होती. त्याला एकाएकी भीती वाटली, की आता उत्तर तयार आहे आणि प्रश्नच शिळा झाला असेल. काठी टेकत दाराशी येऊन ती पाकीट उघडेल आणि कुणाचं अक्षर हे, असं म्हणून जराशी थांबेल. तेवढं थांबणंही त्याला पुरेसं वाटलं. नाही, पुरेसं नाही. खोटं कशाला बोला.

दुसऱ्या कागदावर त्याने लिहिलं:

"तुमचा डबा माझ्या डब्याला जोडला आहे. माझे डबे तुमच्यापेक्षा थोडे खाली बसलेत, कारण ते भरलेले आहेत. गार्डचा डबा मीही केलेला नाही. माझा हात थरथरतो आणि दिसतं कमी, तेव्हा रिव्हेट तुम्हाला मारावे लागतील, पत्रा मी धरीन. तुम्ही जाण्याआधी मी येतो. या गुरुवारच्या गाडीने. तुम्ही नाही म्हणालात तरी ते मला पोचल्यावरच कळेल, म्हणून नाही म्हणू नका."

शेवटचं वाक्य आपणच लिहिलं का, हे बघायला त्याने कागद डोळ्यांशी नेला. खोडावंसं वाटलं. बहीण पाकीट उघडं धरून उभी होती, तेव्हा खोडायला सवड मिळाली नाही.

टपालकचेरीत खिडकीमागची बाई तिकिटं मोजत होती.

"बुधवारपर्यंत पोचेल का हो?"

"आज टाकलंत तर पोचेल. साडेचारला पेटी उघडतात."

घड्याळात सव्वाचार झाले होते. त्याने तिकीट जिभेला लावून चिकटवलं. ते वाकडं बसलं, चांगलंच वाकडं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने ते तसंच राहू दिलं. बाहेर येऊन पाकीट पेटीच्या तोंडात सरकवलं, पण बोटं सुटेनात. मागे एक शाळकरी मुलगी हातात कार्ड घेऊन उभी होती, ती एका पायावरून दुसऱ्या पायावर झाली.

"टाकताय ना?"

"टाकतो, टाकतो," मिलीमीटर म्हणाला, आणि टाकलं.