खालची चकती

लंबासात डिझेल इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं जड झाकण, पेरमाल मिस्त्रीसारखं कोणी बसवत नाही, असं लोक म्हणतात. तीस वर्षं म्हणतायत. पेरमाल म्हणजे मीच. कौतुक करणाऱ्याच्या तोंडावर हात कोण ठेवतं? मीही ठेवला नाही.

आमच्या बेटावरच्या बहुतेक डिझेल गाड्या जपानमध्ये वापरून झालेल्या, जहाजातून उतरलेल्या. अशी गाडी पहिल्यांदा माझ्याकडे आली की एक काम मी न विचारता करायचो. इंजिनातून रेडिएटरकडे पाणी जातं तिथलं झाकण खोलायचं आणि आतला थर्मोस्टॅट उपटून काढायचा. मुठीत मावेल एवढी ती पितळी झडप. इंजिन थंड असेपर्यंत ती पाणी अडवून धरते, तापलं की सोडते.

"हे बर्फाच्या देशातलं लफडं," मी गिऱ्हाइकाला सांगायचो. "इथे बर्फ पडतो का? मग पाणी अडवायचं कशाला?"

हे मला माझ्या उस्तादाने शिकवलं, त्याला त्याच्या उस्तादाने. आणि फरक दिसायचाही. गावात, उसाच्या सपाट रस्त्यांवर गरमीचा काटा तळ सोडायचा नाही. सकाळी गाडी जरा जास्त पांढरा धूर टाकायची, डिझेल जास्त प्यायची, पण म्हाताऱ्या इंजिनाचं असं चालायचंच. काढलेले थर्मोस्टॅट मी तारेत ओवून भिंतीवर टांगायचो. माळ गुडघ्यापर्यंत आली होती. माझी बायको मुत्तम्मा म्हणायची, "मुरुगन देवाच्या फोटोला कधी एवढा हार घातला नाहीत."

विलिकेसाचं गाव डोंगराच्या पलीकडे, सावूसावूच्या बाजूला. आमची ओळख पंचवीस वर्षांची. माझ्या आवारात बसून आम्ही इतका यंगोना, मुळं कुटून केलेलं ते झिंगवणारं पाणी, प्यायलोय की तेवढ्यात एखादा रेडिएटर भरला असता. त्याची स्टेशन वॅगनही माझ्याच हातची. तिचा थर्मोस्टॅट माळेत कुठेतरी मधोमध होता.

त्याच्या बायकोला, मेरेवाईला, शुगर. त्या रोगाने आधी तिचा एक पाय खाल्ला, मग मूत्रपिंडं. आठवड्यातून तीनदा तिला डोंगर ओलांडून लंबासाच्या हॉस्पिटलात रक्त साफ करायला आणावं लागायचं. विली तिला तिथे सोडून माझ्याकडे बसायचा, चार तासांनी परत घेऊन जायचा. जाताना ती गाडीतूनच ओरडायची, "पेरमालदादा, तुमच्या चहाच्या वासानेच माझी शुगर वाढते हो!"

त्या गाडीचं हेड दोनदा फुटलं. दोन्ही वेळा चढावर. मी दुसरं हेड बसवलं आणि विलीला झापलं, की पाणी बघत नाहीस. तो मान खाली घालून ऐकून घ्यायचा.

तिसऱ्यांदा उसाच्या ट्रकमागे दोर बांधून गाडी आली. मेरेवाई पुढच्या सीटवर, कुबडी मांडीवर आडवी. मी रेडिएटरचं बूच काढून इंजिन जरासं फिरवलं. पाण्यात बुडबुडे. तेलाची पट्टी ओढली, तर तेल दुधाच्या चहासारखं. मग हेड उतरवलं, डिझेलने पुसलं, वर खडूची पूड फासली. दोन व्हॉल्व्हच्या मधोमध केसाएवढी काळी रेघ उमटली. तडा.

"पाणी किती होतं?"

"काठोकाठ. सकाळी बघितलं, मिस्त्री. खरंच बघितलं."

"मग हेड काय तुझ्यावर रुसून फुटलं?" आवारात चार गिऱ्हाइकं होती. मला चेव चढला. "तीनदा इंजिन मारलंस, विली. आता बायकोला मारणार आहेस तू."

मेरेवाईच हसली. "दादा, मी इंजिन नाहीये. मी एवढ्यात नाही मरत."

विली हसला नाही.

हेड लंबासात नव्हतं. समुद्रापलीकडे, सुवाच्या भंगारवाल्याकडे सापडलं, पण ते यायचं बोटीने, आणि बोट दुरुस्तीला गेलेली. नऊ दिवस लागले. पहिल्या वेळी गावातल्या कोणीतरी मेरेवाईला आपल्या गाडीतून आणलं. दुसऱ्या वेळी विलीने तिला पाठीवर घेऊन मोठ्या रस्त्यापर्यंत नेलं आणि बसमध्ये बसवलं. परत येताना ती बसमध्ये दोनदा ओकली. तिसऱ्या वेळी म्हणाली, आज नको, एक वेळ चुकली तर काय होतंय. चौथ्या वेळी तिच्यात नको म्हणायचंही त्राण नव्हतं. अंगात पाणी साठलं, छातीत चढलं.

नवव्या दिवशी सकाळी मी धक्क्यावरून हेड आणलं. दुपारी निरोप आला, की मेरेवाई गेली.

मी आणि मुत्तम्मा मातीला गेलो. रिवाजाप्रमाणे चटई आणि कापडाचा तागा घेतला होता. मंडपाच्या तोंडाशी आम्हाला बघून विली उठला.

"नऊ दिवस," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "नऊ दिवस गाडी तुझ्या अंगणात होती, मिस्त्री. माझी बायको पाठीवर, आणि गाडी तुझ्या अंगणात. जा तू. इथे बसू नकोस."

त्याच्या म्हाताऱ्या काकाने त्याला आवरलं. आम्ही चटई तिथेच ठेवून परत फिरलो. खोटं कशाला सांगू, मला वाईट कमी वाटलं आणि राग जास्त आला. बोट माझ्या बापाची होती का? चोराच्या उलट्या बोंबा, असं मी वाटभर बडबडत होतो. मुत्तम्मा खिडकीबाहेर बघत होती.

त्याच रागात मी हेड बसवलं. बोल्ट तीन फेऱ्यांत क्रमाने आवळले, व्हॉल्व्हचं अंतर कागदाच्या जाडीने तपासलं, डिझेलमधली हवा काढली, हीटर प्लग चारही नवे टाकले. पाणी माझ्या हाताने काठोकाठ भरलं, आणि गाडी मीच डोंगरावर घेऊन गेलो. परत नेऊन द्यायची आणि सांगायचं, आता तरी पाणी बघ.

पाचव्या वळणावर काटा वर चढायला लागला. सहाव्यावर तो लाल रेघेजवळ होता.

गाडी बाजूला घेतली. गळती कुठे नाही. पट्टा घट्ट, पंखा फिरतोय, पाण्याचा पंप नवा. इंजिनावर थुंकी टाकली तर चर्र झाली. मग रेडिएटरला हात लावला. वरून गरम होता, आणि खालच्या अर्ध्यावर मला तळहात ठेवता आला. कोमट, तान्ह्या पोराला आंघोळ घालता येईल इतपत.

इंजिन उकळतंय आणि रेडिएटर आरामात आहे. मग पाणी फिरतंय कुठे?

थांबत थांबत मी घरी आलो. थर्मोस्टॅटच्या जागेचं झाकण खोललं. आत तळाशी एक छोटं भोक आहे, तिथून पाणी रेडिएटरला न जाता तसंच इंजिनात परत जातं. इंजिन थंड असतानाची जवळची वाट. ते भोक मी तीस वर्षं बघत आलो होतो. माळेतला एक थर्मोस्टॅट काढला. त्याच्या खाली स्प्रिंगवर एक बारकी चकती असते, तीही मी तीस वर्षं बघत आलो होतो. कशासाठी आहे, असं कधी विचारलं नाही.

चहाच्या भांड्यात पाणी उकळत ठेवलं आणि तो आत सोडला.

"काय शिजवताय?" मुत्तम्माने विचारलं.

पाणी तापलं तशी वरची झडप हळूहळू उघडली. आणि त्याच वेळी, तितकीच, खालची चकती खाली सरकली. एक दार उघडताना ती दुसरं लावून घेते. थर्मोस्टॅट काढला की दोन्ही दारं कायमची उघडी. आणि पाणी आपल्यासारखंच आळशी. जवळची वाट मोकळी असताना ते लांबच्या वाटेने कशाला जाईल? सपाटीवर निभावतं. चढावर गरम पाणी आतल्या आत फिरत राहतं आणि हेड फुटतं.

मी स्वयंपाकघरात खालीच बसलो. डोंगर चढणाऱ्या गाड्यांची जेवढी हेडं मी बसवली, त्यांतली कितीतरी मीच फोडली होती. ज्याच्या जोरावर मी बेटावर मिरवलो ते कसब म्हणजे माझंच पाप निस्तरणं होतं. आणि मेरेवाई नको नको म्हणत घरात पडून होती तेव्हा तिची गाडी माझ्या अंगणात होती, ती माझ्याचमुळे. विली मंडपात बोलला त्यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. फक्त ते त्याला माहीत नव्हतं.

मुत्तम्मा भांड्यात बघत होती. मी तिला सगळं सांगितलं. तिने पाणी ओतून दिलं आणि भांडं राखेने घासायला घेतलं.

विलीच्या गाडीत थर्मोस्टॅट परत घातला. वीस मिनिटांचं काम. डोंगरावर नेली, काटा मध्यावर येऊन बसला तो बसलाच.

जाऊन सांगायचं ठरवलं होतं. तीन दिवस मनात शब्द जुळवत होतो. चौथ्या दिवशी विलीच आला. बरोबर काका. दोघांनी चपला लांब काढल्या, आत येऊन दाराजवळ, खालच्या जागेवर मांडी घालून बसले. काकाच्या हातात दोरीला बांधलेला देवमाशाचा दात होता, पिवळा पडलेला.

इथे जन्मलेल्या कोणालाही हे सांगावं लागत नाही. हा दात घेऊन माणूस माफी मागायला येतो. समोरच्याने तो हातात घेतला की गोष्ट पुरली. पुन्हा ती कोणी कधी काढायची नाही, ह्यानेही नाही आणि त्यानेही नाही.

काकाने दात दोन्ही हातांवर धरला. "आमच्या पोराने भरल्या मंडपात तुम्हाला नको ते ऐकवलं. चटई घेऊन आलेल्या माणसाला घालवून दिलं. हा लहानसा दात आहे. पदरात घ्या."

विली जमिनीकडे बघत होता. "तू मला सांगितलं होतंस, मिस्त्री. पाणी बघ म्हणून. तीनदा सांगितलंस. तिच्यासमोर सांगितलंस. मी बघितलं नसणार. मला वाटतं बघितलं, पण नसणार. मी तिला मारलं आणि नाव तुझं घेतलं."

सांगायचं तर आत्ताच, दात हातात घ्यायच्या आधी. भिंतीवर, विलीच्या डोक्याच्या बरोबर वर, माळ होती. मुत्तम्मा दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी तोंड उघडलंही. सांगितलं तर त्याचं दुःख दुप्पट होईल, असा विचार मनात आला, पण तो विचार खोटा होता. मला फक्त भीती वाटली. माणसं माझ्याकडे कशी बघतील याची.

म्हाताऱ्याचे हात खाली यायला लागले. दात जड असतो.

मी तो घेतला. टाळ्या वाजवल्या, रिवाजाप्रमाणे. काकाने सुस्कारा सोडला. विली तोंड झाकून रडला, आणि माझा हात त्याच्या पाठीवर होता. मुत्तम्मा आत निघून गेली. त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलते.

आता गाड्या तेल बदलायला आल्या की मी गुपचूप थर्मोस्टॅट परत घालतो. माळ कमी होत चालली आहे. लोक म्हणतात, पेरमालच्या हाताला वय झालं तशी आणखी धार आलीय.

गेल्या आठवड्यात विली आला. अंगाने अर्धा राहिलाय. डिकीत पाण्याचे दोन डबे. इंजिन निवेपर्यंत बाकावर बसला, मग स्वतःच बॉनेट उचललं आणि फडक्याने धरून रेडिएटरचं बूच काढलं.

"ये, बघ ना," तो म्हणाला. "रोज बघतो आता. निघताना, चढाच्या आधी, उतरल्यावर. काटा हलत नाही, मिस्त्री. तू म्हणायचास ते खरं होतं, नुसतं पाणी बघायचं होतं. तेव्हाच बघितलं असतं तर..."

बूच हातात धरून तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

मी वाकून बघितलं. पाणी काठोकाठ होतं.

"शाबास," मी म्हणालो.