'सॉरी'चा चौथा अर्थ

क्षमा मागायला मन मोठं लागतं, असं थोर लोक सांगून गेले आहेत. आमच्या कोशाच्या कचेरीत तीन चिठ्ठ्या लागतात.

नियम जुना आहे. इंग्रजी शब्दाचा जो अर्थ कोशात द्यायचा, त्या अर्थाने तो शब्द आपल्या माणसांच्या तोंडून कोणीतरी स्वतःच्या कानांनी ऐकलेला असला पाहिजे. ऐकणाऱ्याने वाक्य चिठ्ठीवर उतरवायचं, खाली तारीख घालायची आणि कोपऱ्यात अर्थाचा आकडा टाकायचा. बोलणाऱ्याने स्वतःची चिठ्ठी लिहायची नाही. तशी मुभा असती तर आमच्या उपसंपादकांनी एकट्याच्या बळावर भाषा समृद्ध करून टाकली असती. तीन चिठ्ठ्या जमल्या की अर्थ छापायचा. नाही जमल्या तर तो अर्थ नाहीच, असं समजायचं.

नव्या आवृत्तीसाठी 'सॉरी' हा शब्द माझ्या वाट्याला आला.

पहिला अर्थ, धक्का लागल्यावर तोंडातून निघणारा आवाज. याच्या चिठ्ठ्या एका सकाळी जिन्यातच मिळाल्या. एक गृहस्थ तर खुर्चीला सॉरी म्हणाले होते. दुसरा अर्थ, काम काढून घेण्यापूर्वीची प्रस्तावना: 'सॉरी हं, जरा पेन देता?' तिसरा, नकार. बँकेतल्या बाईंनी एका तासात अकरा वेळा दिला आणि एकदाही मान वर केली नाही. घरीही पीक चांगलं आलं. बायको म्हणाली, "सॉरी, पण हा टॉवेल माझा आहे." याचा आकडा कोणता, यावर आमचा अजून वाद आहे.

अडलं ते चौथ्या अर्थापाशी. 'केलेल्या चुकीची मनापासून कबुली.' दोन महिन्यांत दोनच चिठ्ठ्या. एक शिंप्याची, त्याने गिऱ्हाइकाच्या कोटाला इस्त्रीने भोक पाडलं होतं आणि तो रडकुंडीला आला होता. दुसरी इस्पितळाच्या बाकावरची. ती इथे सांगत नाही.

तिसरी कुठे मिळेल, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

आमचे मुद्रितशोधक भिंगराव. भिंग गळ्यात असतं म्हणून भिंगराव. खरं नाव पगारपत्रकात असेल. बावीस वर्षं आम्ही एका टेबलाच्या दोन बाजूंना बसलो. ते मला अरेतुरे करत, मी त्यांना अहोजाहो. डबा मात्र सामाईक होता. मग तीन वर्षांपूर्वी मागची आवृत्ती निघाली आणि तिच्यात 'लॅप'पासून 'लॉ'पर्यंतचे सदतीस शब्द नव्हते. त्या कोशाप्रमाणे इंग्रजांकडे कायदा नव्हता आणि ते हसतही नव्हते.

संचालकांनी सगळ्यांना उभं केलं. त्या शब्दांच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा तपासायला आपल्याकडे आलाच नव्हता, असं भिंगराव म्हणाले. संचालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "पाठवला होता बहुतेक."

बस, एवढंच. भिंगरावांची बदली जिन्याखालच्या खोलीत झाली, जुन्या सूच्या तपासायला. गठ्ठा मला पंधरवड्याने माझ्याच घरी कपाटावर सापडला, सुटकेसखाली, रबरबँडसकट. रविवारी काम करावं म्हणून मीच नेला होता. मी तो गुपचूप कचेरीच्या कपाटात ठेवला आणि तोंडात मिठाची गुळणी धरली. ती तीन वर्षं धरली. त्या दिवसापासून भिंगराव मला अहोजाहो करू लागले. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

आता ते महिनाअखेरीस निवृत्त होणार होते. बायकोला सगळं माहीत होतं. ती म्हणाली, "अहो, जा आणि सांगून मोकळे व्हा. जीभ झिजणार आहे का? माणूस एकदा गेला की कोणाला सांगणार, कपाटाला?"

शेवटच्या दिवशी दुपारी मी जिन्याखाली गेलो. खोलीत एक टेबल, एक दिवा, आणि डोक्यावर जाणाऱ्या-येणाऱ्यांचे पाय. भिंगराव पिशवी भरत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं: कपाट, सुटकेस, रबरबँड, 'बहुतेक'. मग म्हणालो, "भिंगराव, सॉरी. चूक माझी होती आणि भोगलीत तुम्ही."

त्यांनी भिंग पुसलं. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

"तुमच्याकडे सध्या 'सॉरी' आहे ना?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"चौथ्याला किती झाल्या?"

खोटं बोलायची ही वेळ नव्हती, आणि नेमकं तेच नडलं. "दोन," मी म्हणालो.

"म्हणजे तिसरी राहिली होती."

"चिठ्ठीसाठी नाही आलो हो मी."

"मग खिशात काय आहे?"

खिशात कोऱ्या चिठ्ठ्या होत्या. त्या कायम असतात. पंचवीस वर्षं माझ्या प्रत्येक सदऱ्याला तो खिसा आहे, त्यांच्याही. हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं. पण ती गोष्ट त्या खोलीत सांगताना मला स्वतःलाच पटेना. तीन वर्षं होती माझ्याकडे. मी आलो तो शब्द वाट्याला आल्यावर.

"द्या एक," ते म्हणाले. "नियमाने ऐकणाऱ्यानेच लिहायची. मी लिहून ठेवतो. तुम्ही या आता."

संध्याकाळी निरोपाचं भाषण संचालकांनी केलं, चहा झाला, भिंगराव सगळ्यांशी हसून बोलले आणि गेले. माझ्याशीही बोलले. "प्रकृतीला जपा," म्हणाले. जपा.

टेबलावर चिठ्ठी होती. मोत्यासारखं अक्षर, वाक्य शब्दशः, तारीख बरोबर. कोपऱ्यात आकडा: दोन.

पेन्सिलीने लिहिलेला होता. माझ्या खणात खोडरबर होता. तो काढून हातात घेतला. पण भिंगरावांनी तपासून दिलेल्या मजकुराला मी कधी हात लावलेला नाही, आणि या खेपेला त्यांनी चुकीचं तपासलं असं छातीठोकपणे म्हणायचं धाडस माझ्यात नव्हतं. चिठ्ठी दुसऱ्या अर्थाच्या गठ्ठ्यात टाकली. तिथे आधीच चाळीस होत्या.

कोश गेल्या महिन्यात निघाला. 'सॉरी'चे तीन अर्थ दिले आहेत.