सदतीस टक्के

"अगं, अजून सदतीसवरच आहे," हे म्हणाले. आवाज असा की घरात कोणीतरी अत्यवस्थ आहे.

मी हात पुसत खोलीत आले. नव्या कॉम्प्युटरवर विंडोज टाकायचं चाललं होतं. पडद्यावर 'फाइल्स तयार होत आहेत' आणि खाली सदतीस टक्के. वीस मिनिटं झाली तरी आकडा हलायला तयार नाही. पेटीतला पंखा मात्र नुसता किंचाळत होता. मग खट् झालं आणि सगळंच बंद पडलं. काळ्या पडद्यात ह्यांचा पांढराफटक चेहरा दिसत होता.

पावणेबारा वाजले होते. दोन वाजता ह्यांची परीक्षा.

हे एकोणतीस वर्षं एका वकिलांच्या ऑफिसात टायपिस्ट होते. चार महिन्यांपूर्वी वकिलांच्या मुलानं गोड बोलून घरी पाठवलं. तिथे आता यंत्रच ऐकतं आणि यंत्रच लिहितं. ह्यांचं वय सत्तावन्न. एका कंपनीला डॉक्टरांनी बोलून ठेवलेले रिपोर्ट घरबसल्या टाइप करणारी माणसं हवी होती. दोन वाजता आपल्याच कॉम्प्युटरवर बसायचं, चाळीस मिनिटं टाइप करायचं, आणि तेही एकदाच. हुकलं की संपलं. तयार कॉम्प्युटर परवडेना, म्हणून माझ्या भावानं सुटे भाग पाठवले आणि ह्यांनी ते त्याला फोनवर विचारत विचारत जोडले. शेवटचा भाग आला तो नेमका काल संध्याकाळी.

चार महिने हा माणूस फोन वाजला तरी दचकतो. परवा दात घासता घासता म्हणाले, "आता माझा कोणाला काय उपयोग?" आणि चूळ भरून भाजीचा विषय काढला. आजचं हुकलं तर हे पुन्हा कशालाही हात लावणार नाहीत, हे मला दिसत होतं. भीती वाटत होती ती त्याची.

भावाला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"भाऊजी, घाबरू नका. पेन ड्राइव्ह मागच्या खाचेत लावून बघा."

लावला. एकवीस टक्क्यांवर पुन्हा खट्.

"रॅमची एक पट्टी काढून बघा."

काढली. आता तर नवावरच.

"दर वेळी आधीपेक्षा लवकर थांबतंय," हे पुटपुटले. "जाळलं मी काहीतरी. माझ्या हाताला यशच नाही."

"जळलं असतं तर चालू तरी झालं असतं का?" मी खेकसले. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण कोणीतरी खेकसायला हवं होतं.

मग भाऊ म्हणाला, "ताई, तू बघ. आधी प्लग काढ. पंख्याखाली धातूचा ठोकळा आहे ना? त्याला बोट लाव. जपून हं, भाजेल."

मी लावलं. "भाजतंय कसलं? थंडगार आहे."

"थंडगार? अगं, खालचा प्रोसेसर तापून बंद पडतोय आणि ती उष्णता ठोकळ्यापर्यंत पोचतच नाहीये. मधे काहीतरी अडकलंय. दहा मिनिटं निवू दे, मग ठोकळा काढा."

ती दहा मिनिटं आम्ही एकमेकांकडे बघितलंसुद्धा नाही. मग ह्यांनी चार स्क्रू काढून ठोकळा उलटा केला. तळाला, प्रोसेसरवर लावायच्या पेस्टनं माखलेला पारदर्शक प्लास्टिकचा पापुद्रा, आणि कोपऱ्यात लाल अक्षरं: बसवण्याआधी काढा.

मी ह्यांच्याकडे बघितलं. दुसऱ्यांच्या अर्जातला चुकलेला स्वल्पविराम दहा हातांवरून ओळखणारा हा माणूस!

"वाचलं नाहीत?"

"वाचलं होतं." मान खाली. "म्हटलं राहू दे. नवीन आहे, चरे पडतील."

आता काय बोलणार, कपाळ! आमच्या फ्रिजच्या दांड्यावर सात वर्षं प्लास्टिक आहे. टीव्हीचा रिमोट पिशवीत असतो आणि आम्ही पिशवीवरूनच बटणं दाबतो. एकदा घड्याळाच्या काचेवरची फिल्म मी काढली, तर हे दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते. एरवी मी सोडलं नसतं, पण तेव्हा मला हसू आणि रडू एकदमच आलं. फोनवर भाऊ खो खो हसत सुटला, आणि मधेच थांबला.

"ताई, वाजले किती?"

"एक वाजून पाच मिनिटं."

ह्यांनी स्वतःच तो पापुद्रा सोलला. जुनी पेस्ट पुसून नळीतली उरलेली लावली, ठोकळा घट्ट केला, रॅमची पट्टी परत बसवली. भाऊ म्हणाला, "प्रोसेसर वाचला असेल तर होईल." तो 'तर' गिळून मी प्लग लावला आणि टक्के पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले.

नऊ झाले. एकवीस झाले. सदतीसवर आकडा थांबला. मी ह्यांचं मनगट इतकं घट्ट धरलं, की नखं रुतली. ते हूं की चूं करेनात.

अडतीस.

दोनला चार मिनिटं कमी असताना परीक्षेचं पान उघडलं. ह्यांनी हेडफोन लावला. मी दार ओढून घेतलं आणि बाहेर जिन्याच्या पायरीवर बसले, कोणी बेल वाजवू नये म्हणून. वरच्या मजल्यावरची बाई काहीतरी मागायला आली, तिला तोंडावर बोट ठेवून तशीच परत पाठवली. दारातून खटखट ऐकू येत होती, एकसारखी, ऑफिसात असायची तशी. मग ती थांबली. मी उठून उभी राहिले. दार ढकलावं तर ह्यांचं लक्ष जाईल, न ढकलावं तर जीव जाईल माझा. कडीला हात लावून मी तशीच उभी होते. किती वेळ, देव जाणे. मग खटखट पुन्हा सुरू झाली.

पावणेतीनला दार उघडलं. शर्ट घामानं चिंब.

"मधेच का थांबलात हो?"

"डोळ्यांत घाम गेला."

मी पदरानं त्यांचं कपाळ टिपलं.

"सोमवारपासून," ते म्हणाले. "पडद्यावर लगेच आलं तसं. सोमवारपासून काम."

आणि माझ्याशेजारी पायरीवर बसले. मी आतून पाणी आणलं. त्यांनी पेल्याला हात घातला, पण हात आत्ता कापायला लागले होते, पाणी मांडीवर सांडायला लागलं. मग पेला मीच धरला. ते घोट घोट प्यायले.