साडेचारशे व्होल्टचा कंडेन्सर

माझ्या भावाने दुरुस्तीला आणलेला ॲम्प्लिफायर एकतीस वर्षं बंद होता, आणि त्यातली वीज अजून उतरलेली नव्हती. मागची फळी काढून मी मीटरच्या दोन्ही वायरी मोठ्या कंडेन्सरला लावल्या, तेव्हा काटा चारशे वीसवर जाऊन उभा राहिला. प्लग भिंतीत नव्हता. प्लग मुळी उरलाच नव्हता, उंदरांनी वायर केव्हाच खाऊन टाकली होती.

"अजून भरलेला आहे," मी म्हणाले.

"मग बरंय की," योनादादा म्हणाला. "जीव आहे म्हणजे त्यात."

व्हॉल्व्हच्या, म्हणजे आतली तार तापून उजळणाऱ्या काचेच्या नळ्यांच्या ॲम्प्लिफायरमध्ये असं थोडंफार होतंच. स्विच बंद केला तरी कंडेन्सर वीज धरून बसतो, म्हणून आत हात घालण्याआधी त्याला बल्ब लावून रिकामा करायचा असतो. बल्ब एकदा लुकलुकतो, विझतो, की झालं. पाच मिनिटं धरतो, फार तर दहा. एकतीस वर्षं धरलेला मी कधी पाहिला नव्हता, पण मला नवलही वाटलं नाही. ती वीज माझी होती. चर्चच्या दारातल्या ढिगात आपली चप्पल ओळखू येते, तशी ती मला ओळखू आली.

हा ॲम्प्लिफायर मी बनवला होता. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. पप्पांच्या 'शांतवन रेडिओ सर्व्हिस'मध्ये, याच टेबलावर, चौदा महिने खपून. व्हॉल्व्ह बंद पडलेल्या एका टॉकीजच्या मशीनमधले होते, वरचं हिरवं रेक्झिन रिक्षाच्या सीटचं होतं, आणि ट्रान्सफॉर्मरचे तीन हजार वेढे मी हाताने गुंडाळले, एकेक मोजून. योनादादाने त्यात गिटार लावली आणि नगर जिल्ह्यातल्या सगळ्या ऑर्केस्ट्रांना घाम फुटला. मग मुंबईहून सबनीस नावाचा एक स्टुडिओवाला आला. त्याने विचारलं, "हा कुणी बनवला? त्या माणसाला मी आजच्या आज कामावर घेतो." मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. योनादादा म्हणाला, "पप्पांनी." आणि पप्पा मूग गिळून बसले. सबनीस म्हणाला, छे, तुम्ही दुकान सोडून कुठे येणार, आणि निघून गेला. चहा मात्र पिऊन गेला.

"पुढच्या रविवारी माझा सत्कार आहे," योनादादा सांगत होता. "लोकांना तोच आवाज ऐकायचाय. मी स्टेजवर सांगणार आहे, पप्पांनी स्वतःच्या हाताने बनवलेला ॲम्प्लिफायर..."

काटा चारशे चाळीसवर गेला.

"परत म्हण," मी म्हणाले.

"काय, एस्तू?"

"आत्ता म्हणालास ते."

"पप्पांनी बनवलेला."

चारशे पन्नास. कंडेन्सरच्या अंगावर छापलेलंच होतं, साडेचारशे व्होल्ट. त्याच्या वर गेला तर तो फुगतो आणि फुटतो.

पप्पा कोपऱ्यातल्या लोखंडी खुर्चीत बसले होते. ते शहाऐंशी वर्षांचे आहेत आणि रोज दुकानात येतात. त्यांनी मीटरकडे पाहिलं, मग कॅलेंडरकडे पाहिलं.

मी दादाला नीट समजावलं. जुने कंडेन्सर बदलल्याशिवाय आवाज येणार नाही, आणि रिकामे झाल्याशिवाय ते बदलता येणार नाहीत. एक तर तू खरं बोल, लगेच उतरेल. नाही तर बल्ब लावून वाट बघ.

"एवढंच ना?" तो म्हणाला. तो मनाने वाईट नाही असं सगळे म्हणतात. त्याने घसा खाकरला. "हा ॲम्प्लिफायर ए..."

त्याच्या ओठांतून लाल वायरचं टोक बाहेर आलं. मी ते धरून ओढलं. चार इंच निघाली, जुनी, कापडी वेष्टणाची, पण आतलं तांबं चांगलं होतं. तुकडा मी डब्यात टाकला. त्याने आणखी दोनदा प्रयत्न केला. एकदा पिवळी निघाली, एकदा काळी. शेवटी तो म्हणाला, "हा आम्ही सगळ्यांनी मिळून..." आणि काटा असा उसळला की मी मीटर सोडून मागे सरले.

"जाऊ दे," तोंड पुसत दादा म्हणाला. "बल्ब लाव."

मी शंभर वॅटचे दोन बल्ब एकापुढे एक जोडून लावले. ते लुकलुकले नाहीत. ते पेटले आणि पेटलेलेच राहिले.

सोमवारी दुपारपर्यंत काटा चारशेच्या खाली आला. मी चहा गाळत होते, आणि मुंबईहून आलेल्या त्या माणसाचं नाव मला आठवेना. मंगळवारी त्याने नेमकं काय विचारलं होतं ते गेलं. बुधवारी ट्रान्सफॉर्मरचे वेढे किती होते ते गेलं. दुकानही अरुंद व्हायला लागलं. रोज सकाळी शटर उघडलं की दोन्ही भिंती वीत-वीत जवळ आलेल्या असत. जे मला आठवत नाही त्याला जागा कशाला लागेल, हे बरोबरच होतं. पण बुधवारी जुन्या रेडिओंचं कपाट रस्त्यावर काढून ठेवावं लागलं.

गल्लीतल्या लोकांना मात्र फार आनंद झाला. भर दुपारी उन्हालाही मागे टाकणारा उजेड दुकानातून बाहेर पडत होता. समोरचा शिंपी सुईत दोरा ओवायला आमच्या पायरीवर येऊन बसू लागला. चर्चचे पाळकसाहेब आले, बल्बांखाली उभे राहिले आणि म्हणाले, "एस्तेरबाई, सोडून दिलंत ना शेवटी. चेहरा कसा उजळलाय."

मी काहीही सोडलेलं नव्हतं. माझ्याकडून ते काढून घेतलं जात होतं आणि त्यावर सगळी गल्ली सुईत दोरा ओवत होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायला हवी होती. ती गुडघ्यापर्यंत आली आणि थांबली. आपल्याला नीट रागावताही येत नाही, याचा मला राग आला, आणि काटा दोन व्होल्ट वर सरकला. तेवढ्यावर मी तो दिवस काढला.

गुरुवारी दादा घाईला आला. ऑर्केस्ट्राच्या काळातली स्टेजच्या बल्बांची माळ त्याने माळ्यावरून शोधून आणली होती, चाळीस बल्बांची.

"असं दोन बल्बांनी महिना लागेल," तो म्हणाला. "आज उतरवून टाकू सगळं."

त्याने ती स्वतः जोडली. चाळीसच्या चाळीस बल्ब पेटले. काटा तीनशेवरून दोनशेवर आला, मग एकशे वीस, मग साठ. भिंती सरकताना दिसत होत्या. शटरची फट आता हातभर उरली होती आणि आम्ही तिघं टेबलाभोवती गुडघ्याला गुडघा लावून बसलो होतो. मला खूप बरं वाटत होतं. समोरच्या उघड्या ॲम्प्लिफायरकडे मी पाहत होते. सोल्डरिंगचे डाग कसे गोल, चकचकीत होते. एकही वायर गरजेपेक्षा लांब नव्हती.

"चांगला हात आहे," मी म्हणाले. "कुणाचा आहे?"

दादा एक क्षण माझ्याकडे पाहत राहिला. मग त्याने हसून माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पप्पांचा, एस्तू."

काटा हलला नाही. मी मीटरवर टिचकी मारून पाहिली. मीटर चांगला होता.

"छान काम केलंत, पप्पा," मी म्हणाले. पप्पांनी कपातला चहा संपवला आणि मान खाली घातली.

काम सुरू करायला हवं होतं. काटा आठवर होता. मी पक्कड उचलली आणि कंडेन्सरच्या टोकाला गुंडाळलेली तार सोडवायला घेतली. ती उलटी गुंडाळलेली होती. दुसरी पाहिली, तीही उलटी. ट्रान्सफॉर्मरचा कागद उचकटून पाहिला, सगळे वेढे उलट्या बाजूने होते. असं डावखुरा माणूसच करतो. मी पप्पांकडे पाहिलं. कप त्यांच्या उजव्या हातात होता. दादा गिटार उजव्या हाताने वाजवतो, हे अख्ख्या जिल्ह्याला ठाऊक आहे. मग मी पक्कड कुठल्या हातात धरली आहे ते पाहिलं.

त्याच पकडीने मी माळ तोडली. चाळीस बल्ब एकदम विझले आणि बाहेर शिंपी म्हणाला, "अरेच्चा!"

काटा आठवरून अकरावर चढून थांबला होता. अकरा व्होल्टमध्ये माणसाला फारसं काही आठवत नाही. मला एवढंच कळत होतं की माझं काहीतरी नेलंय, आणि नेणारा माझ्या खांद्यावर हात ठेवून बसलाय.

"कुणी बनवला?" मी विचारलं.

"अगं, आत्ताच तर सांगितलं..."

"परत सांग."

"पप्पांनी."

चाळीस. सबनीस हे नाव परत आलं.

"परत."

"एस्तू, कशाला आता जुनं उकरून काढतेस?"

नव्वद. सबनीसचा चेहराही आला, चष्म्याशिवाय.

"पप्पांचं वय बघ जरा."

एकशे साठ.

"अगं, घरातल्या घरात काय माझं आणि तुझं? आपलंच आहे ना सगळं?"

दोनशे नव्वद. तो चहाचा ट्रे आला, त्यावरची नक्षी आली, माझ्या हातांना सुटलेला घाम आला. चौदा महिने आले, भाजलेल्या बोटांसकट.

"आणि तुला काय एकटीला मुंबईला पाठवणार होतो का आम्ही? तुझ्या भल्यासाठीच..."

चारशे पन्नास. मग चारशे ऐंशी. दादाने दोन्ही हात तोंडावर घट्ट दाबून धरले, पण त्याला उशीर झाला होता. भिंती तसूभरही मागे गेल्या नव्हत्या. त्याने उठून शटरकडे जायचा प्रयत्न केला. फट चार बोटांची होती. तिच्यातून शिंप्याचा एक डोळा दिसत होता. दादा परत बसला. बसायला तेवढीच जागा होती.

कंडेन्सरच्या डोक्यावरची पत्र्याची चकती पुरीसारखी फुगायला लागली. पाचशे दहा.

मी दादाकडे पाठ फिरवली. म्हणजे मान फिरवली, पाठ फिरायला जागा नव्हती. त्याचं काय, तो तोंड वर करून खोटं बोलला. तो आयुष्यभर तेच करत आलाय, त्याला ते गिटारीसारखंच सफाईने जमतं. पण त्या चौदा महिन्यांत माझ्या शेजारच्या स्टुलावर तो बसत नव्हता. पप्पा बसत होते. माझा प्रत्येक डाग ते भिंग लावून तपासत. कच्चा असला तर काही न बोलता चिमट्याने उपटून टाकत, आणि मी परत करत असे. पक्का असला तर भिंग पुढच्या डागावर नेत. एकतीस वर्षं मी दादावर रागावले आहे असं सगळे समजत होते. मीसुद्धा.

"पप्पा," मी म्हणाले. "तुम्ही सांगा."

त्यांनी कॅलेंडर शोधलं. कॅलेंडरची भिंत त्यांच्या कानाला टेकली होती, तिच्यावर काही दिसण्यासारखं नव्हतं. त्यांना माझ्याकडेच पाहावं लागलं.

"हा कुणी बनवला?"

पाचशे चाळीस. चकतीने टक् असा आवाज केला.

"एस्तू, मागे हो!" दादा हातांआडून ओरडला.

पप्पांनी तोंड उघडलं. वायर आली नाही. मी आत वाकून पाहिलं. दात संपतात त्याच्या मागे, घशात खोल, काळोखात एक तांबडा ठिपका दिसायला लागला होता. तो हळूहळू लांबला आणि केसासारखी बारीक तार झाली, मग तांबड्याची नारिंगी झाली. मी तो रंग ओळखते. व्हॉल्व्ह लगेच बोलत नाही, त्याला तापायला अर्धं मिनिट लागतं, आणि तोवर तो चांगला आहे की गेलेला, हे कुणालाच सांगता येत नाही.

चकती पुन्हा टक् करून वर उचलली गेली. मी मागे झाले नाही. पप्पांच्या तोंडातली ऊब माझ्या गालाला लागत होती, आणि वाढत होती.