पेटीत उरलेले नाणे

घड्याळजीचा कान हा केवळ कान नव्हता. भल्याभल्या सराफांनी मान तुकवावी अशी ती कसोटी होती. दिवसभर लोकांची बंद पडलेली घड्याळे सुरू करावीत आणि शिल्लक पडेल त्यातून शुद्ध चांदीचे एखादे नाणे घेऊन ते पारदर्शक डबीसह मखमली पेटीच्या खोबणीत बसवावे, एवढाच त्या सरळमार्गी मनुष्याचा छंद. नाणे बोटाच्या टोकावर तोलून धरायचे, चिमट्याने हळूच ठोका द्यायचा आणि डोळे मिटायचे. चांदी असेल तर नाद दूर जाणाऱ्या माणसासारखा मागे वळून पाहत पाहत विरत असे. आत शिसे असेल तर नाणे 'थड्' करून गप्प बसे. लोहचुंबकाला चकवणारी, काट्यावरही बरोबर उतरणारी नाणी त्या एका ठोक्यापुढे उघडी पडत.

एकुलत्या एक लेकीला तो टिकटिक म्हणे, कारण तिची जीभ क्षणभर थांबत नसे. तिची आई म्हणे, "हिला चावी कोणी दिली तेवढं शोधा. दुरुस्तीवाले तुम्हीच ना?"

टिकटिक दुसऱ्या शहरी नोकरीस लागली आणि पहिल्या पगारातून बापासाठी एक नाणे घेऊन आली. दुकानातल्या टेबलावर ते ठेवून ती म्हणाली, "वाजवा ना बाबा! आमच्या ऑफिसखाली दुकान आहे, तिथलं आहे. ते काका इतके चांगले आहेत, मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि..."

घड्याळजीने ठोका दिला. नाणे 'थड्' म्हणाले.

त्याने डोळे लगेच उघडले नाहीत. समोर लेकीचा चेहरा असणार, हे त्यास ठाऊक होते.

"वा! शंभर नंबरी," तो म्हणाला.

"मला नाही ऐकू आला नाद."

"तुझी बडबड थांबली तर येईल ना ऐकू!"

दोघेही हसले. त्या दुकानदाराची गचांडी धरावी असे घड्याळजीच्या मनात कितीदा तरी आले. परंतु गोष्ट लेकीच्या कानी जाईल म्हणून त्याने तो कडू घोट गिळून टाकला. एका नाण्याने काय आकाश कोसळते, अशी मनाची समजूत घातली.

पुढे तिची आई अंथरुणास खिळली. औषधपाण्यापुढे छंद कसला? सराफ घरी आला आणि एकेक नाणे वाजवून घेऊ लागला. शेवटच्या नाण्याकडे त्याचा हात गेला तसा घड्याळजी घाईने म्हणाला, "ते राहू द्या. ते विकायचं नाही. लेकीनं दिलंय."

दारात उभ्या असलेल्या टिकटिकने हे ऐकले आणि तिचा ऊर भरून आला. बापाचे म्हणणे खोटे नव्हते. परंतु पुरतेही नव्हते.

"आई बरी होईल ना?" तिने त्या संध्याकाळी विचारले.

"होईल की," घड्याळजी म्हणाला. ती माउली त्या आजारातून उठली नाही.

त्यानंतर वर्षे गेली. रिकाम्या खोबण्यांची पेटी खिडकीशी पडून असे, आत ते एकच नाणे. मग एका दुपारी टिकटिक अचानक आली. बापाला पाठमोरे बसवून बराच वेळ तिची खुडबुड चालली.

"वळा आता!"

पेटी भरली होती. एकही खोबणी रिकामी नव्हती.

"आईच्या वेळी गेलेली सगळी परत आणलीत," ती म्हणाली. तिचे डोळे पाणावले होते. "नवऱ्याला म्हटलं, यंदाही घर घ्यायचं राहू दे, आधी बाबांची पेटी. सगळी त्याच काकांकडून घेतली. तुमच्या कानानं पास केलेला माणूस सोडून दुसरीकडे कशाला जायचं?"

घड्याळजीने एका नाण्याची कड पाहिली. केसभर पातळ होती. दुसऱ्याचीही.

"तू... वाजवून नाही पाहिलंस?"

"तुम्हीच शिकवलंत ना, डबीतून काढायचं नाही, बोटांचे डाग पडतात. वाजवा ना आता!"

"कान गेले गं माझे."

"काहीतरीच! परवा माझ्या घरचा नळ गळतोय हे तुम्हाला फोनवर ऐकू आलं." असे म्हणून तिनेच डबी उघडली, नाणे बोटावर तोलले, चिमट्याने ठोका दिला आणि श्वास रोखून थांबली.

थड्.

तिने दुसरे घेतले. मग तिसरे.

"बाबा, नाद का येत नाही? मी तर गप्प आहे."

घड्याळजी भिंतीवरच्या घड्याळांकडे पाहू लागला.

"फसवलं मला त्यांनी," ती पुटपुटली. "पण पहिलं तर खरं होतं. ते तुम्ही वाजवलं होतं." तिचा हात त्या नाण्याकडे गेला, आणि घड्याळजीने चटकन त्यावर आपला तळवा ठेवला.

ती त्या तळव्याकडे पाहत राहिली. तो बाजूला सारण्याचा तिने यत्न केला नाही.

"म्हणून विकलं नाहीत?"

"नाही गं! कोणी सोन्याच्या भावानं मागितलं असतं तरी दिलं नसतं. आईची शपथ."

"आई बरी होईल म्हणालात, तेव्हाही माहीत होतं तुम्हाला." तिचा आवाज चढला नाही. "मी तिच्याजवळ राहिले असते, बाबा. रजा शिल्लक होती माझी. तुम्ही होईल म्हणालात म्हणून मी कामावर परत गेले."

तिने उघडलेली नाणी कडेला धरून, डाग पडू न देता, पुन्हा डब्यांत घातली. पिशवी रिकामीच खांद्यास अडकवली. उंबऱ्यावर नेहमी ती "येते हं" म्हणत असे. आज काहीच म्हणाली नाही.

भिंतीवरची घड्याळे चालू होती. घड्याळजी तळवा तसाच ठेवून बसला आणि लेकीची पावले जिन्यावरून उतरताना ऐकत राहिला. पार रस्त्याच्या वळणापर्यंत त्याला ती ऐकू आली.