मोहोर लागलेले मुसके

मित्रांनो, मी एक जुने मुसके आहे. शहरातल्या मुलांनी मला पाहिलेले नसेल, म्हणून आधी माझी ओळख सांगते. डवरणीच्या, म्हणजे पिकातले तण काढण्याच्या वेळी बैल उभ्या पिकातून चालतो आणि चालता चालता पऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीचे कोवळे शेंडे ओरबाडतो. ते त्याने खाऊ नयेत म्हणून त्याच्या तोंडाला दोरीची जाळीदार टोपली बांधतात. ती टोपली म्हणजे मी. दुसऱ्याच्या तोंडाला आडवे येण्यातच माझे सगळे आयुष्य गेले. तेव्हा माझे बोलणे जरा कडवट वाटले तर मनावर घेऊ नका.

चांदूर बाजारजवळच्या एका खेड्यात जानराव नावाच्या शेतकऱ्याने मला विणले. अंबाडी त्याच्याच धुऱ्यावरची, म्हणजे शेताच्या बांधावरची. ती त्याने नाल्यात भिजत घातली, सोलली, मांडीवर वळली आणि ओसरीवर बसून एकेक गाठ मारत मला घडवले. "मुसकं विणावं तं जानरावनंच," असे गावातले लोक म्हणत, तेव्हा मला फार बरे वाटे. चांद्या नावाच्या बैलाच्या तोंडावर मी बरेच हंगाम काढले. चांद्याला माझा रागच असणार. पण जानरावाची एक रीत होती. मला बांधण्याआधी तो बैलाला पोटभर पाणी पाजायचा, आणि दुपारी औत सुटले की जू नंतर, आधी मला सोडायचा. "ज्याचं तोंड आपुन बांधलं, त्याची तहान आपल्या डोक्यावर," असे तो म्हणे.

पुढे चांद्या म्हातारा झाला आणि गेला. नव्या बैलांना नवी मुसकी आली. मला गोठ्यातल्या खुंटीवर अडकवले ते अडकवलेच. कोणी धूळ झटकली नाही की ऊन दाखवले नाही. उंदरांनी माझी एक दोरी कुरतडून निम्मी केली. हे मी मुद्दाम सांगून ठेवते, कारण पुढे सगळे त्या दोरीवरच आले.

जानरावाची एकुलती एक मुलगी सत्यभामा. घरात सगळे तिला भामा म्हणत. तिची आई ती रांगत असतानाच वारली. तिला सांभाळले आत्याने, माणिकबाईने, आणि खरे सांगायचे तर भुऱ्याने. भुऱ्या म्हणजे त्यांचा कुत्रा. भामा विहिरीवर गेली की भुऱ्या विहिरीवर, भामा वावरात गेली की भुऱ्या धुऱ्यावर. तिला ताप आला तर तो उंबऱ्यावरून हलत नसे.

भामाचे लग्न मोगलाईत ठरले. तेव्हा आमचे वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेले होते, आणि वाशीमच्या पलीकडे हिंगोलीच्या वाटेवर निजामाचा मुलूख लागे. त्यालाच आमच्याकडे मोगलाई म्हणत. लग्नात भामाने ना एकदाणी मागितली, ना पाटल्या. बापाला ती एवढेच म्हणाली, "बाबा, मले बाकी काई नको. भुऱ्याले माह्यासंगं द्या." नवरीबरोबर पाठराखीण म्हणून माणिकबाई जाणारच होती. पण ती महिन्याभराने परतणार, आणि भुऱ्या कायमचा राहणार होता. जावई उत्तमराव समजूतदार निघाला. "आना की. आमच्या वावराले राखनदार पाह्यजेच," असे त्याने सांगितले. जानरावाने लेकीला शब्द दिला.

शब्द देणे सोपे होते. कुत्र्याला सरहद्द ओलांडायची, तर तो निरोगी असल्याचा गुरांच्या डॉक्टरचा दाखला लागतो, हे त्याला कोणी तरी मागाहून सांगितले. अमरावतीच्या दवाखान्यात गेला, तर तिथे म्हणाले, तुम्ही अकोल्याकडून जाणार, मग दाखला अकोल्याचा हवा. अकोल्याला गेला, तर डॉक्टर रोगराई पाहायला खेड्यांवर गेलेले. ते आले, भुऱ्याला सुई टोचली, दाखला इंग्रजीत लिहिला. पलीकडे तो उर्दूत लागतो, म्हणून जुन्या शहरात नक्कल करणाऱ्याच्या दारात दोन दुपारी गेल्या. इतके झाल्यावर कळले की कुत्र्याचे तोंड बांधलेले असले पाहिजे. जानरावाला एकदम हायसे वाटले. "हात्तीच्या! मुसकं तं आपल्या घरीच हाये!"

असे मी खुंटीवरून खाली उतरले. बैलाच्या मापाचे मुसके कुत्र्याला कसे बसणार? जानरावाने मला दुमडले, आवळले, मानेमागे गाठ मारली. मी भुऱ्याच्या नाकापुढे वीतभर लोंबत होते. माणिकबाई पदर तोंडाला लावून हसली. भुऱ्याने मला झटकून पाहिले, मग भामाकडे पाहिले आणि गप्प बसला. ती म्हणते म्हणजे ठीकच असेल, असे त्याला वाटले असावे.

लग्न लागले आणि जानराव, भामा, माणिकबाई आणि भुऱ्याबरोबर मीही निघाले. वैशाखातले ऊन होते. सर्व्हिस मोटर सरहद्दीवर पोहोचली तेव्हा डांबर वितळायला आले होते. अलीकडे आमचा नाका, मध्ये थोडी मोकळी वाट, पलीकडे निजामाची चौकी. चौकीच्या पुढे बाभळीखाली आधीच पोहोचलेला उत्तमराव बैलांची दमणी जुंपून उभा. नवरीचे पाऊल दिवेलागणीच्या आत घरात पडायचे होते. त्यासाठी तो मिनिटामिनिटाला सूर्याकडे पाहत होता.

आमच्या नाकेदाराने दाखला उलटसुलट वाचला. माणूस वाईट नव्हता, पण नियमाचा पक्का. माझ्या गाठीवर त्याने लाख ओतून मोहोर उठवली आणि म्हणाला, "आता ही मोहोर मोडायची नाही. मोडली की दाखला रद्द. पुन्हा अकोला."

जानराव म्हणाला, "साहेब, मोहोर लावाच्या आंधी त्याले घोटभर पानी पाजू द्याचं होतं."

"लावून झाली आता. पलीकडे पाजा."

पलीकडच्या चौकीत एक वयस्कर मुन्शी होते. त्यांनी उर्दू नक्कल वाचली, मान डोलावली आणि एक पसरट भांडे पाण्याने भरून भुऱ्यापुढे ठेवले. "पिसाळलेला कुत्ता पानी नहीं पीता. ये पानी पी ले, तो बिटिया, खुशी से ले जाओ."

मित्रांनो, भुऱ्या सकाळपासून तहानलेला होता. तो भांड्यावर तुटून पडला. पण मध्ये मी! माझा दुमडलेला जाड बुडखा पाण्यात बुडाला आणि त्याची जीभ आतल्या आत तडफडत राहिली. तो मागे सरला, पुन्हा आला, पुन्हा मागे सरला. मुन्शींचा चेहरा उतरला. "पानी नहीं पी रहा."

"कसा पेईन जी तो?" भामा कळवळून म्हणाली. नवी नवरी मोठ्याने बोलली म्हणून माणिकबाईने तिला कोपर मारले, पण ती थांबली नाही. "तोंड तं बांधेल हाये त्याचं!"

"तो खोल दो, बेटी."

जानराव धावत अलीकडच्या नाक्यावर गेला. नाकेदार म्हणाला, सोडले तर मोहोर मोडेल. जानराव पलीकडे गेला. मुन्शी म्हणाले, पाणी प्यायल्याशिवाय सोडता येत नाही. जानराव पुन्हा अलीकडे. त्या मोकळ्या वाटेत त्याच्या किती फेऱ्या झाल्या कोण जाणे. शेवटी तो मध्येच उभा राहिला आणि ओरडला, "अरे, तुमी दोघं एका जागी येऊन बोलून काऊन नाई राहिले? मी काय चेंडू हावो काय?" नाकेदार हद्द सोडू शकत नव्हता. मुन्शीही नाही. दोघांनाही वाईट वाटत होते. पण वाईट वाटून गाठ सुटत नाही.

माझा किती संताप झाला म्हणून सांगू! पिसाळण्याचा रोग भयंकर असतो, हे मला ठाऊक आहे. त्यासाठी नियम हवा, तपासणीही हवी. पण तहानलेल्याचे तोंड बांधायचे आणि तो पाणी पीत नाही म्हणून त्याला रोगी ठरवायचे, हा कुठला न्याय? मला वाचा असती तर मी ओरडले असते, की अरे, तो निरोगी आहे, आडवे मी आले आहे!

तेवढ्यात भुऱ्याने वैतागून तोंड भांड्याच्या काठावर जोरात घासले, आणि उंदरांनी कुरतडलेली माझी ती दोरी तटकन तुटली. माझे बूड फाटले. भुऱ्याचे तोंड मोकळे झाले. लप लप लप, त्याने सगळे भांडे रिकामे केले आणि वर पाहून शेपटी हलवली.

"पी लिया! शाबाश!" मुन्शी उठून उभे राहिले. भामा भुऱ्याच्या गळ्यात पडून रडू लागली. मला पहिल्यांदाच वाटले, की आपण मोडलो ते बरे झाले.

पण नाकेदार तिथून पाहत होता. त्याने हाक मारली, "मोहोर शाबूत आहे, पण मुसके फाटले. दाखल्यात 'तोंड बांधलेला कुत्रा' असे आहे. हा तो कुत्रा नव्हे."

"साहेब, मी माह्यं पागोटं बांधतो त्याच्या तोंडाले," जानराव म्हणाला.

"पागोटे म्हणजे मुसके नव्हे."

मुन्शींनी हात जोडल्यासारखे केले. मुसके नसलेला कुत्रा त्यांनाही आत घेता येत नव्हता. सूर्य बाभळीच्या खाली उतरला. उत्तमराव हळूच म्हणाला, "चाल भामा. पुढच्या खेपीले आनू त्याले." भामाने भुऱ्याचे डोके दोन्ही हातांत धरले. मग तिने भुऱ्याच्या गळ्यातून मला फाटक्याला सोडवले, गाठोड्यात कोंबले आणि मागे न पाहता चालू लागली. जानराव भुऱ्याची दोरी धरून उभा होता. दिलेला शब्द मोडल्याचे दुःख त्याच्या तोंडावर मी जाता जाता पाहिले.

चौकीतल्या शिपायाने गाठोडे उघडून पाहिले. "ये क्या है?"

"जुनं मुसकं हाये," माणिकबाई म्हणाली.

"जाने दो."

आणि मी सरहद्द ओलांडली. मित्रांनो, ज्या लाळेची एवढी धास्ती, ती भुऱ्याची लाळ माझ्या दोरीदोरीत भिनलेली होती. मला ना दाखला विचारला, ना सुई, ना पाणी. निरोगी कुत्रा परत गेला आणि त्याच्या लाळेने ओले झालेले मुसके मोगलाईत आले.

पुढची खेप कधी आलीच नाही. आधी दाखल्याची मुदत सरली, मग नवा कागद निघाला, मग पाऊस लागला. भुऱ्या चांदूर बाजारच्या वाटेवर बसून राहायचा, असे माणिकबाई येऊन सांगे. एके वर्षी तिने ते सांगितले नाही, आणि भामाने विचारलेही नाही.

मी अजून भामाच्या घरी खुंटीवर आहे. तिची मुले मला खेळायला मागतात. ती देत नाही. मात्र तिने या घरात जानरावाची रीत लावली आहे. बैलाला आधी पाणी, मग मुसके. तुम्हीही मोठे व्हाल. तुमच्यापैकी कोणी नाक्यावरच्या खुर्चीत बसेल. तेव्हा खुशाल नियम पाळा, बाळांनो, पण भांडे पुढे ठेवण्याआधी समोरच्याचे तोंड मोकळे आहे का, तेवढे पाहा.

कधी कधी दुपारी घर निजले की भामा मला खुंटीवरून काढते आणि नाकाशी धरते. भुऱ्याचा वास केव्हाच उडून गेला आहे. मला ते ठाऊक आहे, तिलाही ठाऊक आहे. तरी ती मला पुष्कळ वेळ तशीच धरून बसते.